तात्यांची खूण

"झालंय का व्हायचंय?" चष्मा कपाळावर सरकवून तात्या विचारायचे, तेही माणसाला नव्हे, समोरच्या संगणकाला.

आमचं बारामतीतलं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. शास्त्रज्ञांच्या ज्या प्रकल्पांना अनुदान मिळतं, त्यांचे इंग्रजी सारांश आमच्याकडे यायचे. भाषा-मॉडेल त्यांतून वैज्ञानिक दावे वेचून काढायचं आणि सारांशात खरंच तसं म्हटलंय का, हे आम्ही तपासायचो. तात्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले, शेळगावहून एसटीनं येत. आम्ही पोरंपोरी भराभर ढीग उपसायचो, तात्या मात्र भाजी निवडल्यासारखं एकेक वाक्य निवडत बसत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याबरोबर काम करताना आधी वैताग येतो.

मॉडेल हुशार, पण भारी उतावीळ. शास्त्रज्ञानं 'करून बघणार' लिहिलं, की हे 'झालं' म्हणून मोकळं! तात्या त्याला दटावायचे, "आरं, अजून पेरलं न्हाय आन् तू खळं करतोस व्हय?"

एकदा चोपण, म्हणजे मिठानं खारावलेल्या जमिनीत जिवाणू सोडण्याच्या प्रकल्पाचा सारांश आला. मॉडेलनं दावा काढला: या जिवाणूंमुळे खारवट रान पुन्हा पिकतं. तात्यांनी मूळ सारांश पुन्हा वाचला; त्यात 'करून बघणार' एवढंच होतं. कालव्याच्या पाण्यानं मीठ फुटून त्यांचं स्वतःचं दोन एकर रान पडीक पडलं होतं. तिथं पुन्हा ऊस बघायचा, एवढी एकच त्यांची हौस.

मी म्हटलं, "तात्या, द्या बरोबरची खूण!"

"द्यावीशी लई वाटतीया गं," ते म्हणाले आणि त्यांनी 'अजून सिद्ध नाही' यावर खूण केली. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि वाईटही फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या शास्त्रज्ञ बाईंना फोन लावला. "म्याडम, तुमाला करून बघायचंच हाय, तर माझ्या रानात बघा की!"

बाई तयार झाल्या आणि तात्यांनी नोकरी सोडली. आम्ही अडवलं, तर म्हणाले, "आता मी नवऱ्यामुलाकडचा झालो. माझी खूण कोण खरी मानंल?"

त्यांच्या खुर्चीवर आता आमच्या पिशव्या असतात. फार आठवण येते त्यांची.

परवा आम्ही शेळगावला गेलो. मिठानं पांढऱ्या पडलेल्या रानाच्या एका कोपऱ्यात उसाचे कोंब दिसत होते. मी मोबाइल काढला, तर तात्या धावत आडवे आले.

"फोटू नगं! कुनीतरी लगीच लिहील, जमीन सुधारली म्हनून."

मी मोबाइल ठेवला. तात्यांनी चिमूटभर माती जिभेवर घेतली, डोळे मिटले.

"खारटच हाय," म्हणाले. मग पावलभर पुढं सरकून त्यांनी दुसरी चिमूट उचलली.