कुठेही रमते

आमच्या कचेरीत अमावास्येला नवी फाईल न उघडणारे एक साहेब होते. त्यांची नक्कल मी इतकी हुबेहूब करायचो की शिपायापासून सगळे हसायचे. सांगायचा मुद्दा हा, की करणी, भास, संकेत असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही. पण एक कागद आहे. तो मी लिहिला आणि मी लिहिलेला नाही... हे वाक्य कसं वाचलं जाईल याची मला कल्पना आहे. तरी सगळं क्रमानं सांगतो.

कापसाची ती वाईट वर्षं होती. यवतमाळात दारव्हा रोडला कापसातून सरकी वेगळी करायचं एक जिनिंग बंद पडलं होतं. त्याच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये जनावरांच्या एका डॉक्टर बाईंनी – आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो – कुत्र्यांसाठी निवारा सुरू केला. घरांना कुलपं लावून माणसं पुण्याला, सुरतेला जात होती आणि कुत्री त्या कुलपांसमोर बसून राहत होती. अशी वीसेक कुत्री आमच्याकडे होती. मी कचेरी सुटल्यावर जायचो. दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवणारे जमीलभाई दुपारीच येऊन जायचे आणि संध्याकाळी परत यायचे.

फेसबुकवरचं आमचं पेज माझ्या ताब्यात होतं. पासवर्ड फक्त माझ्याकडे; मॅडम फेसबुक उघडत नसत. कुत्र्याचा फोटो आणि माहिती टाकायची, कोणी फोन केला की बोलायचं, त्यांचं घर जाऊन पाहायचं, मग कुत्रं द्यायचं. मॅडमचा नियम कडक होता. प्रत्येक पोस्टमध्ये चार ओळी हव्यात – नाव, लसीकरण, सवयी, आणि दत्तक दिल्यावर शेवटी ‘घर पाहिलं’ असं लिहून पाहणाऱ्याचं नाव. सवयींमध्ये वाईट सवय आधी. चावत असेल तर चावते लिहा, म्हणायच्या, तुम्हाला लग्न जुळवायचं नाहीये. आणि दोन शब्दांवर त्यांनी बंदीच घातली होती : ‘कुठेही रमते’. कुठेही रमणारं जनावर मी अजून पाहिलं नाही, म्हणायच्या.

सरकी त्या जिनिंगचीच कुत्री. चौकीदार गेला, ती राहिली. आली तेव्हा अंगभर खरूज होती. दोन महिने रोज मी तिला औषध लावलं, हाताला वास राहायचा म्हणून बायको वेगळं ताट वाढायची. केस परत आले, पांढरेशुभ्र. माझ्याकडे ती पाहुणा बसावा तशी बसायची, शांत, अंग चोरून. आणि रस्त्यावर जमीलभाईंची स्कूटर दोनदा हॉर्न वाजवायची – पीं पीं – की ही सहा फुटांची भिंत चढून पलीकडे. त्यांच्या काळ्या, ग्रीसच्या हातात तोंड घालून असा आवाज काढायची की मला तिकडे पाहवत नसे.

हसा खुशाल. पन्नाशीला आलेला माणूस एका कुत्रीपायी जळत होता. माझ्या पोरी मोठ्या झाल्या होत्या, घरात मी आलो-गेलो तरी कोणी मान वर करत नव्हतं. मी फाटक उघडल्यावर एका जिवानं तरी धावत यावं, एवढंच मला हवं होतं. औषध मी लावलं आणि धाव त्यांच्याकडे...

एका संध्याकाळी जमीलभाई म्हणाले, “विनूभाऊ, सरकीले मी नेऊन राह्यलो घरी. घरवाली तयार झाली. अंगणाले फाटक लावतो, मंग नेतो. भिंत चढते नं थे.”

मी ‘छान’ म्हणालो. घरी जाऊन जेवलो नाही.

पुढच्याच आठवड्यात ते मेहुणीच्या लग्नाला केळापूरला गेले, आठ दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी मी सरकीची पोस्ट टाकली. फोटोत तिच्या डोक्यावर जमीलभाईंचा हात होता. तो मी कापला आणि मूळ फोटो मोबाईलमधून काढून टाकला. सवयींच्या ओळीत लिहिलं – ‘शांत. कुठेही रमते.’ महागावहून एका मास्तरांचा फोन आला. बोलणं सभ्य होतं. घर पाहायला महागावपर्यंत कोण जाणार... मास्तर जीप घेऊन आले आणि तिला घेऊन गेले. ती माझ्याकडे पाहतही नव्हती, रस्त्याकडे पाहत होती. मी पोस्टखाली लिहिलं : ‘घर पाहिलं – विनायक’.

मॅडमना मी सांगितलं की जमीलभाईंचा विचार बदलला. जमीलभाई आले तेव्हा त्यांना सांगितलं की चांगलं स्थळ आलं, मॅडमनीच घाई केली. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. बराच वेळ त्यांचं बोट ग्लासच्या काठावरून फिरत होतं.

“घर पाह्यलं नं, भाऊ?”

“पाहिलं.”

“मंग ठीक हाय.”

त्यानंतर पाचव्या दिवशी मास्तरांचा फोन आला. गल्लीत कोणाची तरी गाडी वाजली, सरकी भिंतीवरून गेली, ती आलीच नाही. बिचारे रडवेले झाले होते. ती भिंत चढते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी ते कोणाला कळू दिलं नाही. पोस्ट तशीच राहिली, तिच्याखाली लोकांनी टाकलेली लाल बदामं वाढत राहिली. शेडमध्ये जमीलभाई आता हॉर्न न वाजवता येत. मला वाटलं होतं आता बरं वाटेल.

दीड महिन्यानं भर दुपारी कचेरीत फोन आला. दारव्ह्याहून एक बाई बोलत होत्या. म्हणाल्या, तुमची पांढरी कुत्री सापडली, कागदावर लिहिलं तसं केलं अन् आली.

कसला कागद, मी विचारलं. आम्ही कागद कधी लावलेच नव्हते.

अर्धी रजा टाकून मी दारव्ह्याला गेलो. बस स्टँडमागे त्यांची पिठाची गिरणी होती. सरकी गिरणीच्या ओट्याखाली होती, बरगड्या दिसत होत्या. मी सरके, सरके म्हणत वाकलो. तिनं शेपटीही हलवली नाही. बाईंनी गिरणीच्या दारामागे खोचलेला कागद काढून हातात दिला. झेरॉक्सच्या दुकानाच्या भिंतीला चिकटवलेला होता म्हणे, कोणी लावला ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं.

माझीच पोस्ट होती ती. ‘लसीकरण’मध्ये मी नेहमी ‘सी’ ऱ्हस्व काढतो, तो तसाच ऱ्हस्व होता. खाली माझा नंबर. पण सवयींसमोर लिहिलं होतं – ‘भिंत चढते. स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजवला की येते. कुठेही रमत नाही.’ शेवटची ओळ : ‘घर पाहिलं – कोणीच नाही.’

आणि फोटोत तिच्या डोक्यावर हात होता. मनगटापर्यंत, नखांत काळं ग्रीस असलेला.

मी तिथेच मोबाईल काढून पेज उघडलं. पोस्ट मी टाकली होती तशीच होती. कापलेला फोटो. कुठेही रमते. बदामं.

मी तिला घेऊन जातो म्हणालो तेव्हा बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“हात दाखवा बरं.”

मी दाखवले. शाईपलीकडे काही न लागलेले हात.

“हा हात तुमचा नाही. ज्याचा हाय त्याले घेऊन या. माह्या पोरानं हारन वाजवला तं थे धावत आली, तोंड पाह्यलं, अन् परत वट्ट्याखाली जाऊन बसली. तुमच्यासंग काहून धाडू मी तिले?”

मॅडमनीसुद्धा हेच विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी जमीलभाईंच्या स्कूटरवर मागे बसून पुन्हा गेलो. त्यांना एवढंच सांगितलं, सरकी पळाली होती, सापडली आहे. वाटभर बाकीचं सांगायचं ठरवत होतो. लाडखेड गेलं, दारव्ह्याच्या खुणा दिसायला लागल्या, आणि मी अजून पहिलं वाक्यच जुळवत होतो. गिरणी दिसताच त्यांनी हॉर्न दोनदा वाजवला. पुढचं मला लिहिता येत नाही. सरकीचा तो आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला. त्याही वेळी, खोटं कशाला सांगू, मी तसाच जळत होतो.

बाईंनी ठेवून घेतलेला कागद जमीलभाईंना दिला. ते मराठी अक्षरं जोडून जोडून वाचतात. आधी फोटोवर बोट ठेवलं. “हा तं माहा हात व्हय.” मग ओळीखालून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. तिथे थांबले. मी आता काय ऐकावं लागतं म्हणून उभा होतो.

“खरं लिहिलं, विनूभाऊ,” ते म्हणाले. “चूक झाली तं झाली. पण गावोगावी असा कागद लावाले हिंमत लागते. म्हणूनच घावली थे.”

कागद मी लावला नाही हे मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरच्या इतक्या वर्षांत नाही. जमीलभाईंनी सगळ्यांना सांगितलं, मॅडमनीही एकदा सर्वांसमोर कौतुकानं माझं नाव घेतलं. पेजवरची पोस्ट मी बदलली, कागदावर होती तशी, पण फोटो बदलता आला नाही. तो हात माझ्याकडे नव्हताच.

कागद कोणी छापला? पासवर्ड माझा, मूळ फोटो मीच पुसलेला, घर न पाहिल्याचं फक्त मला माहीत. झेरॉक्सवाल्याला मी तीनदा जाऊन भेटलो. संगणक समजणाऱ्यांना विचारलं.

जमीलभाईंनी तो लॅमिनेशन करून गॅरेजमध्ये लावला होता, अजून आहे. सरकी म्हातारी होऊन गेली, फाटकाच्या आत, त्यांच्या अंगणात. पंक्चर काढायला गेलो की मी त्या कागदासमोर बसतो. तिचा आणि जमीलभाईंचा हेवा आता वाटत नाही. वाटतो तो माझ्याच शब्दांत, माझ्याच चुकीच्या ऱ्हस्वासकट, ज्यानं तो लिहिला त्याचा. हे सगळं इथे लिहिलं ते जमीलभाईंना वाचून दाखवायचं आहे. उद्या रविवार आहे, गॅरेज अर्धा दिवस उघडं असतं.