सपोर्टचा पलंग

शेडमधी नवं गिऱ्हाईक आलं की इचारायचं, "मालक कुठं हायत?" नीलिमा वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवायची आन म्हणायची, "समोर उभी हाय की." गिऱ्हाईक ओशाळायचं. मला मातुर आतनं लय बरं वाटायचं. मी मनुबाई. तिच्या हितं रंगाचं काम करते. घासलेल्या पाइपाला आदी तांबडा हात, तो वाळला की वरचा रंग. म्हातारपणी रानातली भांगलण सोडून हे शिकले तवा गल्ली हसली. हसू दे. भांगलून कंबर गेली, रंगानं नुसता पदर जातो.

विट्याच्या भायेर, मायणी रोडला आमचं पत्र्याचं शेड. नीलिमाच्या बापानं, सोपानतात्यानं, ते भाड्यानं घेतलेलं. तात्या गेला आन आयटीआय केलेली ही पोरगी त्येच्या जाग्यावर उभी राहिली. नवरा फौजेत, तिकडं लांब. पाटीवर नाव अजून बापाचंच, सोपान इंजिनिअरिंग वर्क्स. गेटं, खिडक्या, जिन्याचे कठडे, असली कामं. तिची एकच खोड मला कळायची न्हाई. शेडमधी सामान ठिवायला एक लोखंडी माळा व्हता, त्येच्याखाली ती कवाच बसायची न्हाई. पाऊस आत आला तरी भिजत उभी राहील, पण माळ्याखाली यायची न्हाई.

शेडची जागा लालासाहेबांची. उसाचं रान, दोन ट्रॅक्टर, पलीकडं सोताचं मोठं शेड आन सरकारी कामांची ठेकेदारी. बोलणं असं गोड, की माणसाला आपलं काय गेलं ते घरी गेल्यावर कळायचं.

आता टेंडर म्हंजे काय, ते मला कळलंय तेवढं सांगते. सरकारला पलंग घ्यायचा असला तर ओळखीच्या एकाकडनं घेता येत न्हाई. कमीत कमी तिघांनी दर भरायचे, माल पसंत पडून ज्याचा दर कमी त्येला काम. नियमाला नाव ठिवायला जागा न्हाई. पण आमच्याकडची माणसं नियम मोडत न्हाईत, बगल देत्यात. लालासाहेब आपला दर भरायचे, आन दुसऱ्या दोन नावांनी जास्तीचे दर बी तेच भरायचे. कागदावर तिघं झाले. ह्या उसन्या नावांना म्हणायचं सपोर्ट. एक नाव त्यांच्या मेव्हण्याचं आन दुसरं नीलिमाचं. बारक्या उद्योगाला अनामत माफ असती, म्हणून तिचं नाव त्यांना फुकटात पडायचं.

कम्प्युटरवर सही करायला बोटाएवढं डोंगल असतंय. नीलिमाचं डोंगल तिच्याकडं कवाच नसायचं, लालासाहेबांच्या ड्रॉवरमधी असायचं. तसली आणखी डोंगलं तितं दोऱ्यात ओवून ठिवलेली, हरेकाला नावाची चिठ्ठी. दावणीची जनावरं जशी.

"तू कशाला देतीस गं तुजी सही?" मी एकदा चिडून इचारलं.

"मावशी, शेड कुणाचं?" ती म्हणली. मी परत ब्रश उचलला.

तर त्या उन्हाळ्यात पोरींच्या सरकारी वसतिगृहांसाठी दोनमजली लोखंडी पलंगांचं टेंडर निघालं. ह्या खेपेला नुसता कागद चालणार नव्हता. हरेकानं एक पलंग नमुना म्हणून सांगलीच्या हाफिसात आणून ठिवायचा, तो तपासायचा, आन पास झाला त्येचाच दर उघडायचा.

लालासाहेब शेडवर आले. "नीलिमा, तुज्या नावाचा नमुना माज्याच शेडातनं धाडतो. रंग तेवढा येगळा मारू."

"न्हाई दादा. तात्याचं नाव चिकटवायचं तर पलंग मी करणार."

"अगं, सपोर्टचा पलंग. तो पास व्हायला थोडाच धाडायचाय?" ते हसले. "खोट्या लग्नात खरं सोनं घालतीस व्हय? घाल बापडी."

आन तिनं घातलं. पाइप जाड घेतला. हरेक कोपऱ्याला नुसत्या वेल्डिंगच्या टाक्यावर भरवसा न ठिवता तिकोनी पट्टी बसवली. करायची, हलवून बघायची, तोडायची, परत जोडायची. माझा संताप झाला. मी म्हणलं, "हरायच्या शर्यतीला बैलाला खुराक कशाला घालतीस? गेटाची गिऱ्हाइकं खोळंबल्यात."

तवा तिनं पहिल्यांदा सांगितलं. ल्हानपणी ती असल्याच वसतिगृहात शिकायला व्हती. झोपायची वरच्या पलंगावर. खाली अंकिता नावाची तिची मैत्रीण. एका पहाटं नीलिमा कूस वळली आन कोपऱ्याचा टाका सुटला. पलंग तिला घिऊन अंकिताच्या अंगावर गेला. पोरीचा खांदा मोडला. बाप येऊन तिला घरी घिऊन गेला, ती परत शाळंत आलीच न्हाई.

"माज्या वजनानं गेलं मावशी ते," ती म्हणली.

"तुज्या न्हाई गं, टाका घालणाऱ्याच्या पापानं," मी म्हणलं. मंग मी बी तिच्या पलंगाला रंगाचा एक हात जास्तीचा दिला.

तपासणीच्या दिवशी सांगलीच्या त्या हाफिसच्या आवारात तीन पलंग उभे. मेव्हण्याचा पलंग लालासाहेबांच्याच शेडातला, पोपटी रंग दिला म्हणून का जात लपती? वाळूची पोती वर चढवली आन दोन गडी कोपरा धरून पलंग हलवायला लागले. आधी लालासाहेबांचा. हलवता हलवता कट्ट आवाज आला आन वरची चौकट एका बाजूनं खाली बसली. लालासाहेब म्हणले, "रस्त्यात हादरे लय बसले त्येला." मेव्हण्याच्या पलंगानं तर पोती चढस्तोवर बी दम धरला न्हाई.

मंग नीलिमाचा. मी पदर तोंडात धरला. पोती चढली, गड्यांनी हलवलं, घाम पुसून परत हलवलं. पलंग जाग्यावर. नीलिमानं एकदाच माझ्याकडं बघितलं, आन तिच्या तोंडावर आनंद न्हवता. ती घाबरली व्हती. मला येडीला तवा उमगलं न्हाई की हरायला आलेली पोरगी जिकली, म्हंजे सापळ्यात सापडली.

संध्याकाळी लालासाहेब शेडवर हजर. खुर्ची ओढून बसले.

"नशीब काढलंस. आता बोलणीला बोलवतील, दर थोडा कमी करून दे. नाव तुजं, पलंग माज्या शेडातनं जातील. तुजा वाटा तुला घरपोच."

"तुमचा पलंग पडला दादा."

"नमुना पडला. माल कोण हलवून बघतंय? पास झालेला नमुना तुजा हाय, त्येच्या मागं समदं खपतंय."

"मी करते की समदे पलंग. चार गडी ठिवते."

"कुठं करतीस? ह्या शेडाचं कुलूप माजं हाय." आवाज अजून गोडच व्हता. "आन लयच अंगात आलं तर मी एक अर्ज करतो, तुजा दर कुणी भरला त्येचा."

"त्यात तुमी बी बुडाल."

"माज्याकडं दहा नावं हायत गं. तुज्याकडं एकच."

"मागं सरले तर?"

"मंग काळी यादी. अनामत माफ व्हती, तवा मागं सरले तर बाद करा असं लिहून दिलंय तू. म्हंजे तुज्या डोंगलनं मी दिलंय." ते उठले, जाता जाता माझ्या रंगाच्या डब्याला पाय लागला तर "सॉरी मनूआक्का" म्हणले. असला माणूस.

इकडं आड तिकडं विहीर म्हणत्यात, हितं मधी तिसरा खड्डा बी व्हता. त्यांचं ऐकावं तर बापाच्या नावानं पडके पलंग जाणार. न ऐकावं तर शेड जाणार आन अर्ज होणार. मागं सरावं तर सरकारी काम जन्माला दिसणार न्हाई. बोलणीच्या दिवसापातूर नीलिमा धड जेवली न्हाई. मी भाकरी बांधून आणायची, ती तशीच गार पडायची.

सांगलीला ती मला संगट घिऊन गेली. हाफिसच्या व्हरांड्यात बाकावर लालासाहेब आदीच बसलेले, तिचं डोंगल बोटांत फिरवत. "व्हय म्हण आन भायेर ये," ते म्हणले. "चहा घिऊ."

आत खरेदीच्या मॅडम. चेहरा कडक, पण आमाला दोघींना खुर्च्या दिल्या. दराची बोलणी झाली, नीलिमानं वाजवी ते कमी केलं. मंग मॅडमनी इचारलं, "हे पलंग तुम्ही स्वतःच तयार करणार ना? दुसऱ्याला काम देता येत नाही. नियम माहीत आहे?"

नीलिमानं दाराकडं, भायेरच्या बाकाकडं बघितलं. मी मनात म्हणलं, पोरी, व्हय म्हण, पुढचं पुढं बघू. गरिबाला इतकं खरं परवडत न्हाई.

"पलंग मी केलाय मॅडम," ती म्हणली. "दर मी भरला न्हाई."

मॅडमनी पेन खाली ठिवलं. "मग कुणी भरला?"

"भायेर बाकावर बसल्यात त्यांनी. तिन्ही दर त्यांनीच भरल्यात, एकाच कम्प्युटरवरनं. माजं डोंगल आत्ता बी त्यांच्या हातात हाय. आदी बी असंच झालंय. मला ठाव व्हतं, आन मी करू दिलं."

"हे लेखी द्याल? हे टेंडर रद्द होईल. त्या दोघांबरोबर तुमचंही नाव बाद होईल, दोन वर्षं. तुम्ही खरं सांगितलं म्हणून मला सूट देता येणार नाही."

"कळतंय."

"काम तुम्हाला मिळालंच होतं, बाई. मग कशासाठी?"

नीलिमा खुर्चीत पुढं सरकली. "मी घेतलं तर ते पलंग तेच करणार. वरच्या मजल्यावर एक पोरगी झोपणार मॅडम, आन तिच्याखाली दुसरी." मंग डोळं पुसून म्हणली, "काम कुणालाबी द्या. फकस्त माजा नमुना ठिवून घ्या. तसा पलंग मागा."

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. तिथल्या तिथं उठून थोबाडावं असं वाटलं आन मिठी मारावी असं बी वाटलं. दोन्हीतलं काय केलं न्हाई, तिच्या सहीखाली साक्षीदार म्हणून माझा अंगठा उठवला.

भायेर आल्यावर नीलिमानं हात पुढं केला. "दादा, माजं डोंगल."

लालासाहेबांनी तिच्या तोंडाकडं बघितलं आन समजले. डोंगल बाकावर आपटलं. "सकाळच्या आत शेड मोकळं पायजे. बापाची पुण्याई घालवलीस."

"नाव बापाचंच व्हतं दादा, म्हणून," ती म्हणली आन डोंगल पदरात बांधलं.

परतीच्या एसटीत मी तोंड सोडलं. "झालं समाधान? आता गेटं कुठं करतीस, आभाळात?" ती खिडकीतनं भायेर बघत रडत व्हती. तासगाव गेलं तरी थांबंना. शेवटी मीच म्हणलं, "म्हस इकल्यापासनं माजा गोठा रिकामा हाय. पत्रा गळतोय, पण कुलूप माजं हाय." ती रडता रडता हसली. दुसऱ्या दिवशी मशिनी गोठ्यात आल्या. मनुबाईनं गोठा कुणाला दिला, म्हणून भावकीनं नाकं मुरडली. मुरडू दे, नाकं त्यांचीच हायत.

टेंडर रद्द झालं, तिघांची नावं बाद झाली. लालासाहेबांचं काय अडलं न्हाई, ते बाकीच्या नावांनी दुसरीकडं भरत राहिले. नीलिमा गेटं आन खिडक्या करत राहिली. काही महिन्यांनी नवं टेंडर निघालं, ते तिनं मोबाइलवर वाचून दावलं. जाड पाइप, हरेक कोपऱ्याला तिकोनी पट्टी. तिचाच पलंग लिहून काढला व्हता. फकस्त तो करायची परवानगी तिला न्हवती. काम लोणंदकडच्या कुणाला तरी लागलं.

पलंग आल्याचं कळलं तवा ती मला तिच्या जुन्या वसतिगृहात घिऊन गेली. खोलीत वळीनं पलंग. लोणंदवाल्याच्या नावाचे पत्रे ठोकलेले. नीलिमानं एका पलंगाचा कोपरा धरला आन भांडल्यासारखा गदागदा हलवला. पलंग हलला न्हाई. मी बोट फिरवून बघितलं, रंगाचा एकच हात दिलेला, लबाड कुठले.

वरच्या मजल्यावर एक पोरगी पुस्तक वाचत व्हती. "काय बघताय काकू?"

"पडतो का गं?" नीलिमानं इचारलं.

"छ्या," पोरगी म्हणली, आन दावायला गुडघ्यावर बसून दणादणा उसळ्या मारल्या.

नीलिमानं चपला काढल्या. खालच्या पलंगावर बसली, मंग पाय वर घिऊन आडवी झाली, बरोबर त्या पोरीच्या खाली. वर उसळ्या चालल्याच व्हत्या. मी बघत राहिले. तिनं डोळं मिटून घेतलं व्हतं, आन वरच्या पोरीला ती म्हणत व्हती, "मार, अजून मार."