तग्गिंचंडी

"भाषा कानानं खायची अस्ती, मॅनेजर," असं म्हणून मावशी उजव्या कानाची पाळी ओढायच्या आणि मग तेच बोट ओठांवर टेकवायच्या. आधी हे, मग हे. मध्ये शाळा, पुस्तक, मास्तर वगैरे भानगड नाही. या एवढ्या भांडवलावर त्या सहा भाषांत हार विकायच्या. सहाही भाषांत सारख्याच जोमानं चुका करायच्या, हा भाग वेगळा.

मी शिर्डीतल्या एका लॉजच्या काउंटरवर असतो. राहायला कोल्हारला, रोज येऊन-जाऊन. लॉजच्या पायरीला लागूनच मावशींचं हारांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक बाकडं, वर निळी ताडपत्री, पुढे पाण्याची बादली आणि बादलीमागे मावशी. तुम्ही कधी दर्शनाला आला असाल, तर त्यांनी तुम्हाला हाक मारलीच असेल. तीही बहुतेक भलत्याच भाषेत.

गिऱ्हाईक कुठलं हे त्या लांबूनच ठरवायच्या. डोकं तासलेलं दिसलं की तो तिरुपती करून आलेला, म्हणजे तेलुगू. या हिशोबानं त्यांनी एकदा संगमनेरच्या एका गृहस्थांना तेलुगूत हाक मारली. त्यांचे वडील नुकतेच वारले होते. ते म्हणाले, "मावशी, मी इथलाच आहे." मावशींनी त्यांना बसवून चहा पाजला, वडिलांची चौकशी केली आणि जाताना हारही गळ्यात मारला.

तमिळ त्यांना कशी आली, तेही ऐकण्यासारखं आहे. एक बाई दुकानापुढे उभी राहून मागे राहिलेल्या घरच्यांना बोलावत होती, "वांगा, वांगा." मावशींनी तिला समजावलं, की वांगी इथं नाहीत, बाजारात मिळतील. हे बरेच दिवस चाललं. इतक्या लांबून येऊन ही माणसं देवाच्या दारात वांगीच का शोधतात, हे कोडं त्यांना सुटेना. मग कधीतरी त्यांच्या लक्षात आलं, की वांगा म्हटलं की मागची माणसं पुढे येतात. नवा शब्द कानावर पडला की आपला मेंदू आधी त्याला घरातलीच टोपी घालून बघतो. बसली तर बसली. माझंही तसंच होतं, पण मी कबूल करत नाही आणि मावशी दहा लोकांना सांगत सुटायच्या.

पण त्यांचा खरा दागिना म्हणजे 'तग्गिंचंडी'. तेलुगू माणूस हार हातात घेतो, किंमत ऐकतो आणि पहिला शब्द हा काढतो. मावशींनी तो वर्षानुवर्षं ऐकला. शेवटी 'चंडी' आहे, म्हणजे हे देवीचं नाव असणार, असा त्यांनी निकाल लावला. "लई देवभोळी मानसं. हार घ्यायला आली तरी चंडीचं नाव घेत्यात," त्या कौतुकानं सांगायच्या. मग आपण तरी मागे का राहायचं? तासलेलं डोकं दिसलं की मावशी दोन्ही हात जोडून खणखणीत आवाजात म्हणायच्या, "तग्गिंचंडी."

तग्गिंचंडी म्हणजे 'भाव कमी करा'.

हे मला लॉजमध्ये उतरलेल्या एका तेलुगू शिक्षकानं सांगितलं, पोट धरून हसत. दुकानदारीणच गिऱ्हाइकाला हात जोडून विनवते आहे, की बाबा, भाव कमी करा. माणसं हसत हसत मागे वळायची आणि वळली की हार घेऊनच जायची. आजूबाजूचे दुकानदार जळायचे. मी त्या शिक्षकाला विचारलं, की मग 'या' म्हणायला खरा शब्द कोणता? त्यानं तो सांगितला आणि मी घाईघाईनं इकडेतिकडे पाहिलं. तेलुगूत तो अगदी आदराचा शब्द आहे. आपल्याकडे तोच उच्चार रस्त्यानं जाणाऱ्या बाईला उद्देशून केला, तर दात हातात येतील. मावशींनी देवळाच्या वाटेवर त्या शब्दाच्या आरोळ्या ठोकल्या असत्या, तर लॉजच्या काचा शिल्लक राहिल्या नसत्या. मी मावशींना काहीच सांगितलं नाही. त्यांची चूकच परवडणारी होती.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग मावशींची नात अडीच वर्षांची झाली आणि तरी एक शब्द बोलेना.

मुलगा टेम्पोवर, सून एका हॉटेलात कामाला, त्यामुळे पोरगी दिवसभर आजीजवळ, बादलीशेजारच्या पोत्यावर. समजायचं तिला सगळं. गुलाब दे म्हटलं की गुलाब, दोरा म्हटलं की दोरा. पण तोंडातून हूं की चूं नाही. लोक बोलू लागले, की दिवसभर सतरा भाषा कानावर आदळतात, पोरीच्या डोक्याची खिचडी झाली. सून काही वाईट नव्हती, घाबरली होती. पोरीला राहुरीला माहेरी ठेवते, तिथं फक्त मराठी ऐकेल, असं तिनं ठरवलं.

त्या दिवसापासून मावशींचं दुकान मुकं झालं. तेलुगू आले, तमिळ आले, गुजराती आले. मावशी सगळ्यांना एकच विचारायच्या, "काय पाहिजे?" तेही असं, की पाहिजे असलेला माणूससुद्धा काही नको म्हणून निघून जायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "माज्या तोंडानं पोरीचं तोंड बांदलं, मॅनेजर." पोरगी गेली तर ही बाई दुकानात काय, घरातही उभी राहणार नाही, हे मला दिसत होतं. मला फार वाईट वाटलं.

नगरला सावेडीत लहान मुलांचं ऐकणं-बोलणं तपासणाऱ्या एक बाई होत्या. राहुरीला सोडायच्या आधी एकदा तिथं दाखवून घे, असं मी सुनेला म्हटलं. रिक्षा, एस.टी., परत रिक्षा करत आम्ही चौघं गेलो. बाईंनी कान तपासले. कान ठणठणीत. मग त्या म्हणाल्या, की जास्त भाषा ऐकल्यानं मूल मुकं होत नसतं. एवढ्याशा मुलाचा मेंदूही कोणता आवाज कुठल्या भाषेतला, हे आपोआप ओळखून वेगळं काढत असतो.

मावशींचा चेहरा असा खुलला, की त्यांनी लगेच कानाची पाळी धरली आणि बाईंनाच शिकवायला सुरुवात केली. बाईंनी शांतपणे त्यांच्या दुसऱ्या हातात एक बाहुली दिली आणि नातीशी घरी खेळता तसं खेळा म्हणून सांगितलं.

"ह्ये काय हाय? बाहुली हाय. तिला भूक लागली व्हय? लागली तर. काय खाती? भाकर खाती. तिखट लागलं? न्हाई, ग्वाड हाय म्हनती."

प्रश्न मावशींचे, उत्तरंही मावशींचीच. पोरगी मध्येच तोंड उघडायची आणि भरलेल्या एस.टी.पुढे उभ्या राहिलेल्या माणसासारखी परत मिटून घ्यायची. सुनेनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

"आजी," बाई म्हणाल्या, "विचारलं की थांबायचं. बोलायची पाळी आता तिची."

मावशींनी कानाची पाळी सोडली. परत येताना एस.टी. राहुरीच्या स्टँडवर थांबली. मावशी पोरीला घट्ट धरून बसल्या. सून म्हणाली, दिवाळीपर्यंत बघू.

गप्प बसणं मावशींना कुठल्याही भाषेपेक्षा अवघड गेलं. पहिले दोन दिवस त्या विचारायच्या, थांबायच्या आणि न राहवून उत्तर देऊन टाकायच्या. मग त्यांनी युक्ती काढली. हाराच्या दोऱ्याचं टोक दातात धरायचं. गुलाब उचलायचा, "ह्ये काय हाय?" विचारायचं आणि लगेच दोरा दातात. पोरगी आजीच्या तोंडाकडे बघत राही, आजी पोरीच्या. मी काउंटरवरून दोघींकडे बघत राही आणि माझ्या रजिस्टरमध्ये पाहुण्यांची नावं चुकत.

दिवाळी तोंडावर आली होती. दुपारी सून डबा घेऊन आली होती आणि मावशी गुलाब पुढे धरून, दोरा दातात घेऊन थांबल्या होत्या. तेवढ्यात समोरून दहाबारा तासलेली डोकी निघाली. एवढी मोठी टोळी रोज येत नाही. मावशींचे डोळे टोळीमागे गेले, मान वळली, गालफडं फुगली. पण दात काही त्यांनी उघडले नाहीत. डोळे परत पोरीवर आणले. टोळी पुढे निघून गेली.

पोरगी पोत्यावरून उठली. दोन्ही हात जोडले आणि सगळ्या अनुस्वारांसकट म्हणाली, "तग्गिंचंडी."

टोळी जागच्या जागी थांबली आणि हसत मागे वळली. मावशींच्या तोंडातून दोरा सुटला आणि अख्खा हार बादलीत गेला. सुनेनं पोरीला उचललं, रडली, हसली आणि मला म्हणाली, "मॅनेजर, म्हणजे काय हो?"

अशा वेळी खोटं बोलायला माझी जीभ वळली नाही. मी अर्थ सांगितला. मावशी माझ्याकडे वळल्या.

"म्हंजे इतकी वर्सं मी गिऱ्हाइकालाच भाव कमी कर म्हनत हुते? आन् तू बसून ऐकत हुतास?"

मी मान खाली घातली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "बाबांच्या दारात वाढवून घ्यायला कोन येतं? समदी कमी करायलाच येत्यात." दुसऱ्या दिवसापासून तीच हाक पुन्हा सुरू झाली, दोन आवाजांत. राहुरीचं नाव परत निघालं नाही.

गेल्या थंडीत मावशी गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत. बाकड्यावर आता सून बसते आणि शाळा सुटली की नात येते. ती इतकी बोलते, की तिच्या बाईंनी घरी निरोप पाठवला आहे.

परवा एक म्हातारी तेलुगू बाई आली. दरवर्षी येते आणि दरवर्षी मावशींशी भावावरून हुज्जत घालते. बादलीमागची रिकामी जागा बघून तिनं विचारलं, "अम्मा?" 'गेल्या' हे तेलुगूत कसं म्हणतात, ते ना सुनेला येत होतं ना मला. नातीनं तिच्या हातात हार ठेवला, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाली, "तग्गिंचंडी."

म्हातारीनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. मग हार घेतला आणि सुनेनं सांगितला तोच भाव देऊन गेली.