प्रस्थान समोरच्या घरी राहिलं

माझं डोकं लवकर सटकतं. शाळेत मास्तरीण होते तेव्हा पोरं मला टरकून असायची, ते चालून गेलं. पण त्या दिवशी मुंबईच्या विमानतळावरून मी फोनवर जे बोलले, त्याची अजून लाज वाटते.

मुलगी मॉरिशसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं सिझेरियन ठरलेलं. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा माझा पासपोर्टच निघालेला नव्हता. ती फोनवर नुसती रडायची आणि मी इकडं भिंतीला डोकं टेकून ऐकायची. या खेपेला म्हणाली, "आई, मला आत नेतील तेव्हा तू पाहिजेस. बाकी काही नको." मी शब्द दिला. तिकडं जाणारी विमानं आठवड्यातून मोजकीच. एक चुकलं तर चार दिवस दुसरं नाही.

तिकिटं दोन, वेगवेगळी काढलेली. चिकलठाण्याच्या विमानतळावरून सकाळी मुंबई, आणि मुंबईहून रात्री आठला पुढं. मुलीनं दहादा बजावलं होतं, "एका तिकिटाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पहिल्याला उशीर झाला तर दुसरं थांबणार नाही. बॅगसुद्धा तुलाच उचलून परत द्यायचीय." म्हणून तर मध्ये अख्खा दिवस मोकळा ठेवलेला.

निघायचा दिवस नेमका अमावस्येचा. मग आमच्याकडं करतात तसं दोन दिवस आधी चांगली वेळ बघून प्रस्थान ठेवलं. म्हणजे आपण निघालोच असं समजून सोबत न्यायची एखादी वस्तू रुमालात बांधायची, शेजारी ठेवायची आणि निघताना तिथूनच उचलायची. मी सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ बांधले आणि लई शहाणी ना, पासपोर्टही त्यातच घातला. ज्याच्याशिवाय जाणंच नाही, तेच पुढं गेलेलं बरं! ते गाठोडं समोरच्या आपांकडं दिलं. तीस वर्षांचा शेजार आमचा. त्यांच्या मालकांचं शहागंजात कापडाचं दुकान आहे. मी त्यांना भाईजान म्हणते.

सकाळी गाडी वेळेआधीच आली. आपांचं दार उघडं होतं, पण त्या नमाज पढत होत्या. मी उंबऱ्याशी दोन मिनिटं उभी राहिले. मागं ड्रायव्हरचा हॉर्न चालूच. म्हणलं, जाऊ दे, सुपारी-हळकुंडच तर आहे, त्यासाठी कशाला यांना उठवायचं? आणि निघाले. पासपोर्ट एरवी पर्सच्या आतल्या कप्प्यात असायचा, डोक्यात तेच बसलेलं.

चिकलठाण्याला आधार कार्ड दाखवलं आणि आत सोडलं. दोन्ही मिळून एकच तिकीट असतं तर तिथंच पासपोर्ट मागितला असता आणि घरून तो तासाभरात आला असता. मुंबईला उतरले, बॅग घेतली, टॅक्सी करून परदेशी विमानांच्या टर्मिनलला गेले. फोन चालू केला तर आपांचे तीन मिसकॉल. निरोपाचं बोलायचं असेल, करू सावकाश, म्हणत मी बाहेर बाकावर ऐटीत दशम्या खात बसले. चांगले तीन तास!

साडेअकराला दाराशी गेले. जवान म्हणाला, "पासपोर्ट." पर्स उघडली, कप्पा चाचपला, आणि मग एकदम आठवलं.

आपांना फोन लावला. "बाई, तुमारी गठडी तो हियांच रह गई," त्या म्हणाल्या, "कित्ते फोन लगाई मैं."

"त्यात पासपोर्ट आहे माझा!" मी ओरडले. "तुमच्या नमाजापायी झालं हे सगळं! दोन मिनिटं उठता आलं नाही तुम्हाला?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मग आपा एवढंच म्हणाल्या, "रोओ नक्को. हम निकलते."

तिकडून मुंबईला विमान आता दुसरं नव्हतं. रस्ता सहा तासांचा, घाटात अडकलं तर सात. काउंटर सातला बंद होणार. मी त्या दारासमोर बॅगेवर बसून राहिले. तीनला भाईजानांचा फोन आला, नाशिक मागं पडलं म्हणून. चारला घाटात ट्रक बंद पडलेला, गाड्या जागच्या हलत नव्हत्या. साडेपाचला मुलीचा फोन. "आई, आत गेलीस ना?" गेले, म्हणलं. जन्मात तिच्याशी एवढं धडधडीत खोटं बोलले नव्हते. सव्वासहाला भाईजानांचा फोन लागेनासा झाला, तेव्हा मी मनातल्या मनात पोरीची माफीच मागून टाकली.

सातला दहा कमी असताना आपा गर्दीतून पळत आल्या. बुरख्याला घामानं ओल, मुठीत गाठोडं. ते घेऊन मी वळले तर त्यांनी माझा दंड धरला आणि इमाम जामिन बांधायला लागल्या. प्रवासाला निघालेल्या माणसानं सुखरूप पोचावं म्हणून बांधतात ती नाण्याची पट्टी.

"आपा, वेळ नाही!" मी खेकसले.

"बांधने दो. अब जाओ, बच्ची अकेली है."

मी पळाले. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. काउंटरवरची पोरगी उठायच्या बेतात होती. मी पासपोर्ट समोर टाकला, त्यातून तांदळाचे दाणे सांडले. तिनं घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि परत खाली बसली.

दुसऱ्या दिवशी पोरीला आत नेताना तिचा हात माझ्या हातात होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाळ मांडीवर घेतलं आणि पहिला फोन आपांना केला. म्हणलं, "आपा, मी तुम्हाला लई वाईट बोलले. तुमची काहीच चूक नव्हती."

त्या म्हणाल्या, "बाई, मैं रस्ताभर येइच सोचती थी. दो मिनट उठ जाती तो..."

मी ढसाढसा रडायला लागले. पोरीला वाटलं, आनंदानं रडतेय.