टाकं बुजवायचं नाही

रोह्याला आमच्या घरामागे माझ्या दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही माझ्या मोठ्या दिरांच्या डोळ्यांत खुपायच्या. एक, पेणहून वडिलांनी दिलेली जुनी गाडी. दुसरं, माशांचं टाकं. पूर्वी त्यात धुण्याभांड्याचं पाणी साठवत. नळ आल्यावर ते कोरडं पडलं, तेव्हा मी त्याला आतून सिमेंट फासलं, सिमेंटचा खार उतरेपर्यंत पाणी बदलत राहिले, कमळाचे कंद लावले आणि गोल्डफिश सोडले. गाडीची काच धुणारी छोटी मोटर काढून त्यात कारंजंही बसवलं. दीर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "एक चालत नाय, दुसरं खायच्या कामाचं नाय." लोक हसायचे. हसू देत, मी म्हणायची.

सासूबाई हसत नसत. सकाळचा चहा झाला की त्या टाक्याच्या कठड्यावर बसून मूठभर पोहे पाण्यात टाकत. मी ओरडायची, "आई, एवढं नका टाकू, पाणी नासतं." त्या म्हणायच्या, "तुला काय गो, ती माझ्याकडं तोंड वासून बघतात."

त्या वर्षी दिरांनी नवी गाडी घ्यायचं ठरवलं. घर एकच, चुली दोन, आणि मागचं अंगण सामाईक. गणपती झाले की माझी गाडी भंगारात, टाकं भरावानं बुजवायचं आणि वर फरशी घालून त्यांच्या गाडीची जागा, असा बेत त्यांनी आम्हाला नुसता ऐकवला. माझा नवरा कंपनीत शिफ्टला. मोठ्या भावापुढे त्याची मान कधी वर झाली नाही. मग मलाच बोलावं लागलं. मी म्हटलं, "भाऊजी, अंगण निम्मं आमचं आहे आणि गाडी चालते."

"चालते? मग यंदाचा गणपती तिच्यातनं आण बघू पेणवरनं. आणलास तर गाडी पण राहील नि टाकं पण. सोताहून नाय आली, तर दोन्ही जातील."

सगळ्यांसमोर बोलले. मी लगेच हो म्हटलं. रागाच्या भरात म्हटलं, हे खरं, कारण गाडी तेव्हा नागोठण्यापर्यंतही जात नव्हती. भिसे खिंडीचा चढ लागला की इंजिन तापायचं, वाफ सुटायची. गावातल्या मेकॅनिकनं इंजिनच गेलंय म्हणून हात वर केले होते. माझ्याकडे न बघता, माझ्या नवऱ्याकडे बघत त्यानं ते सांगितलं, त्यामुळे मला तेव्हाच त्याचं काही पटलं नाही.

दुसऱ्या रविवारी मी टाक्याची गाळणी धूत होते. ती तुंबली की पुढून कितीही पाणी मारा, गाळ आत घट्ट बसतो. नळी उलट्या बाजूनं लावली की सगळा बाहेर पडतो. हात तसेच चिखलाचे ठेवून मी गाडीकडे बघितलं. रेडिएटर म्हणजे तरी काय, पाण्याची बारीक बारीक नळकांडीच. मी तो सोडवून काढला, कठड्यावर आडवा टाकला आणि खालच्या तोंडाला पाण्याची नळी लावली. आधी काहीच नाही. मग चहाच्या चोथ्यासारखा गंज पडायला लागला, नि शेवटी असा काही लोंढा आला की माझी साडी लाल झाली. सासूबाई कठड्यावरून बघत होत्या. "येवढी घाण पोटात ठेवून कोण चालंल गो?" म्हणाल्या.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी एसटीनं पेणला जाऊन कारखान्यात आमचा पाट देऊन आलो. पाट दिला की त्याच्या मापाची मूर्ती ठरते, दरवर्षीची रीत. आदल्या काही वर्षांत प्लास्टरची हलकी मूर्ती आणत होतो. सासूबाईंनी या वेळी निक्षून सांगितलं, "शाडूचीच पायजे." मला चरफडायला झालं. शाडूची मूर्ती जड, रस्त्यात खड्डे, मांडीवर धरणार कोण? "मी धरीन," त्या म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, म्हणून मी सोडून दिलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघालो. जाताना गाडी गुणी पोरीसारखी गेली. येताना सासूबाई मागच्या सीटवर, मांडीवर पाट, पाटावर रुमालानं तोंड झाकलेला बाप्पा. वडखळपासून त्यांनी खड्ड्याखड्ड्याला "मोरया" म्हटलं. नागोठणं सुटलं, भिसे खिंड लागली आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागला. आता गाडी ओढून न्यावी लागली असती तर टाकं गेलंच होतं.

बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. पाणी होतं. पंख्याचा पट्टा मात्र लोंबत होता. डायनामोचा बोल्ट ढिला केला, चाकाचा पाना खाली घालून पट्टा ताणला जाईपर्यंत डायनामो बाहेर रेटला आणि बोल्ट पुन्हा आवळला. मागून एसटी आली, खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "अवो, बाप्यामाणूस नाय काय बरोबर?" मी ओरडले, "हाय ना! मागं बसलाय, सोंडवाला!" सासूबाई इतक्या हसल्या की मला मूर्तीचीच काळजी वाटली. इंजिन निवल्यावर निघालो आणि तिन्हीसांजेला गाडी आपल्या चाकांवर अंगणात आली. मी मुद्दाम मोठ्यानं हॉर्न दिला.

दिरांनी मूर्ती उतरवून घेतली, ओवाळून झालं, आणि ते म्हणाले, "बरं, गाडी राहू दे. पण टाकं जायचं. गवंडी सांगून ठेवलेत, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येतील. बोलण्याच्या भरात माणूस काहीबाही बोलतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोलण्याच्या भरात मी खिंड नाही चढले," मी म्हटलं. नवरा खाली बघत होता. सासूबाई गणपतीला दूर्वा वेचत राहिल्या. सगळ्यात जास्त मला त्याचंच लागलं.

आमचा गणपती दीड दिवसाचा. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजा झाली, दीर पाट उचलून कुंडलिकेवर जायला निघाले. सासूबाई पुढच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"नदीवर नाय न्यायचा. शाडूचा हाय, घरच्या पाण्यात पोचवायचा."

"घरचं पाणी कुठं?"

"ते काय, मागं. तू मोठा हायस, तूच उतर."

दीर माझ्याकडे बघायला लागले, जसा काही हा माझाच कावा होता. देवाशपथ, मला तेव्हा कळलं की पेणला त्या शाडूसाठी का अडून बसल्या होत्या. मी पळत जाऊन मासे जाळीनं काढले आणि पडवीतल्या काचेच्या पेटीत सोडले. मातीनं त्यांचा श्वास कोंडला असता. मग दिरांनी धोतर वर खोचलं आणि ते कमळाच्या पानांतून गुडघाभर पाण्यात उतरले. आईपुढे आणि बाप्पापुढे नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. मूर्ती बुडवताना त्यांचा आवाज भरून आला, तेवढ्यापुरतं मला त्यांचं वाईटही वाटलं.

रीतीप्रमाणे टाक्याच्या तळची मूठभर माती रिकाम्या पाटावर घेऊन तेच घरात गेले. सासूबाईंनी ती त्यांच्याच हातानं सगळ्या खोल्यांत टाकायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी फावडी घेऊन आले. मी पदर खोचून टाक्यापाशी जाऊन उभी राहिले, भांडायच्या तयारीनं. पण मी तोंड उघडायच्या आत दीरच दारात आले.

"परत जा," ते म्हणाले. "त्यात बाप्पा हाय. माती टाकता यायची नाय."

सासूबाई कठड्यावर बसल्या होत्या. पाणी अजून गढूळ, मासे पडवीत. तरी त्यांनी मूठभर पोहे टाकले आणि मी त्या दिवशी काही बोलले नाही.