फाटकाशी निळं पाणी

मामाजींच्या संत्र्याच्या बागेत शिरताना पाय धुवावे लागत, आणि निघतानाही. मामाजी म्हणजे माझे सासरे. आष्टीजवळच्या त्यांच्या बागेच्या फाटकाशी मोरचुदाच्या निळ्या पाण्याचं पसरट मडकं असे. आलेला माणूस कोण, हे ते पाहत नसत. एकदा गावचे पाटीलच अडून बसले.

“काऊन? माह्या पायाले का झालं?”

“तुमच्या पायाले काई नाई झालं, पाटील. माह्या झाडाले होईन.”

पाटील तसेच परत गेले.

हा कडकपणा मूळचा नव्हता. त्रेपन्न साली मी सून होऊन आले, तेव्हा मामाजी झाडांचे वैद्य म्हणून ओळखले जात. कुणाच्या संत्र्याच्या खोडातून डिंक गळू लागला की मामाजी आपला वाकडा चाकू घेऊन निघत, सडकी साल खरवडत, लेप लावत. “झाडाले हाक मारता येत नाई, आपनच जा लागते,” म्हणत.

मग शेतकी खात्याचे एक साहेब आले. त्यांनी सांगितलं, ही बुरशी आहे. ओल्या मातीत राहते. पाटाच्या पाण्यातून, पायांच्या चिखलातून, चाकूवरून पुढच्या झाडाला जाते. साहेब गेल्यावर मामाजी म्हणाले, “सूनबाई, तुले लिवता येते. म्या कोनाच्या बागेत कवा गेलतो, लिव. तिथं नवा डिंक कवा निंगाला, तेही लिव.”

याद्या करायची माझी सवय तेव्हाची. अकरा बागांची नावं झाली. नऊ ठिकाणी मामाजी आधी गेले होते, दुसऱ्या झाडांना नवा डिंक नंतर निघाला होता. मी कागद उलटा ठेवला.

“वाच.”

वाचली.

“पुन्ना वाच.”

दुसऱ्यांदा ऐकून म्हणाले, “म्हंजे दवा घेऊन गेलो, अन् रोग वाटून आलो.”

पहाटे त्यांनी आपली अठरा रोगट झाडं मुळासकट उपटायला घेतली. ती जाळून झाल्यावर माझी यादी खिशात घालून नऊही बागांत गेले, पण फाटकाबाहेरच उभे राहिले. काहींनी तोंडावर शिव्या घातल्या. मामाजींचं उत्तर एकच: “शिव्या देजो, पन चाकू जाळावर धरजो. अन् पाटाचं पानी खोडाले लागू देऊ नोको.” पुढची तीन वर्षं ते दर महिन्याला जाऊन हेच सांगत राहिले. चौथ्या वर्षी माझ्या यादीत नवं नाव चढलं नाही.

मामाजी गेले तेव्हा बाग फळांनी वाकली होती. बागेतल्या घरातून तिरडी निघाली. पुढच्या खांद्याला पाटील होते. फाटकाशी ते थबकले.

“थांबा रे. पाय धुऊ द्या. नाई तं म्हातारा उठून बसन.”

एकेकाने खांदा बदलला, एकेकाने पाय धुतले. शेवटचा माणूस होईपर्यंत तिरडी फाटकातच उभी होती.