दुसरा ॲप्रन

नवजात बाळाच्या छातीचा एक्स-रे काढण्याआधी गयाताई ती थंडगार प्लेट दोन्ही तळहातांनी चोळून कोमट करायच्या. मी नवखी नर्स. घाईघाईत म्हणाले, "ताई, जल्दी करा ना!" त्या शांतपणे म्हणाल्या, "तुला उघड्या पाठीनं फरशीवर निजवू का?"

केदारखेड्याच्या गयाताई जालन्याच्या आमच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे तंत्रज्ञ होत्या. जन्मताच धाप लागलेल्या बाळाचं पोट वर आलं, म्हणजे श्वास भरला, की त्या नेमकं बटण दाबत. श्वास सोडलेल्या छातीचा फोटो डॉक्टरांना चकवतो. "पोट लांबून दिसत न्हाई," म्हणून त्या जवळच उभ्या राहत. किरणं अडवणारा शिशाचा ॲप्रन मात्र दवाखान्यात एकच, आणि तो बाळाचे हात धरणाऱ्याच्या अंगावर जाई. दुसऱ्या ॲप्रनसाठी ताई दरवर्षी अर्ज करत. अर्ज 'वर पाठवला' जाई. वर म्हणजे कुठे, देव जाणे!

मग नवं डिजिटल यंत्र आलं. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, शेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. ताईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "मंग ॲप्रनचं काय, साहेब?" साहेब म्हणाले, "बघू." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात अंकुशनगरहून एक निळं पडलेलं बाळ आलं. ताईंनी ॲप्रन त्याच्या आजीला घातला आणि स्वतः सुती साडीत दोन पावलांवर उभ्या राहिल्या. पोट वर आलं, बटण दाबलं. पडद्यावर लगेच दिसलं, फुप्फुसाबाहेर हवा कोंडली होती. डॉक्टरांनी ती सुईनं काढली आणि बाळानं टाहो फोडला.

"बराबर! आता रड बिनघोर," ताई म्हणाल्या.

ॲप्रन उतरवताना आजीनं विचारलं, "बाई, तुमचा कुठंय?"

ऊसतोडीला आलेल्या त्या म्हातारीला जे एका नजरेत दिसलं, ते साहेबांना इतक्या वर्षांत दिसू नये? संताप येतो, अजूनही येतो.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी ताईंना शाल-श्रीफळ दिलं, 'निःस्वार्थ सेवा' वगैरे भाषण ठोकलं. ताईंनी शाल घेतली, तडक एक्स-रेच्या खोलीत गेल्या आणि ॲप्रनशेजारच्या रिकाम्या खुंटीला टांगली. "दुसरा येईस्तोवर हीच राहू द्या."

ती अजून तिथंच आहे. नवी तंत्रज्ञही बाळाचं पोट बघत जवळच उभी राहते, नुसत्या ड्रेसवर. परवा साहेब पाहणीला आले, खुंटीकडे बघून थबकले. मला वाटलं, ॲप्रनचं आठवलं असावं.

"ती शाल फार मळलीय," ते म्हणाले, "धुवायला टाका."